नजाशीचा दरबार आणि ठाण्याचा काझी

पवित्र कुरआनच्या सूरह अन्कबूतमध्ये (आयत ४६) अल्लाहने श्रद्धावंतांना ग्रंथधारकांविषयी एक स्पष्ट आदेश दिला आहे. ज्यांना आपल्यापूर्वी ईशग्रंथ दिला गेला त्या यहुदी व ख्रिस्ती लोकांशी वाद घालायचाच असेल, तर तो केवळ उत्तमातल्या उत्तम रीतीने घालावा, असा त्याचा आशय आहे. जे जुलूम करतात त्यांचा तेवढा अपवाद सांगितला आहे. त्याच आयतीत पुढे, आमचा आणि तुमचा ईश्वर एकच आहे, हे त्यांना सांगण्याची शिकवण आहे.

ही आयत आपण जुम्याच्या बयानांत अनेकदा ऐकतो. तिचे पालन झाले की काय घडते आणि ती विसरली गेली की काय घडते, याची दोन उदाहरणे इतिहासात आहेत. पहिले हबशा देशातील असून ते बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. दुसरे आपल्याच ठाण्यातील आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. दोन्ही ठिकाणी विचारलेला प्रश्न जवळजवळ एकच होता : ईसा (अ.) कोण होते?

पहिला दरबार

मक्केतील छळ असह्य झाला तेव्हा, इ. स. ६१५ च्या सुमारास, काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशाला गेले. तेथील राजा नजाशी ख्रिस्ती होता. कुरैशांनी नजराणे देऊन दोन दूत त्यांच्या पाठोपाठ धाडले आणि या लोकांना आमच्या स्वाधीन करा, अशी मागणी केली. नजाशीने एका बाजूचे ऐकून निर्णय देण्याचे नाकारले. त्याने मुसलमानांना बोलावून घेतले. ह. जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांनी आपली बाजू मांडली आणि सूरह मरयमचा आरंभीचा भाग पठण केला. तो ऐकून राजाचे डोळे पाणावले.

दुसऱ्या दिवशी दूतांनी अखेरचा डाव टाकला. हे लोक ईसा (अ.) यांच्याविषयी भयंकर गोष्ट बोलतात, असे त्यांनी राजाला सांगितले. प्रसंग बाका होता. आश्रय देणारा राजा ख्रिस्ती, आश्रित परके आणि निःशस्त्र. ह. जाफर (रजि.) यांनी ना सत्य लपविले, ना शब्दाला धार दिली. ईसा (अ.) हे अल्लाहचे दास, त्याचे प्रेषित, त्याच्याकडील रूह आणि कुमारी मरयमच्या ठायी टाकलेला त्याचा शब्द आहेत, एवढेच त्यांनी सांगितले. दरबारातील धर्मगुरू कुजबुजले, नाराज झाले. नजाशीने मात्र मुसलमानांना अभय दिले आणि कुरैशांचे नजराणे परत केले.

कल्याणचा बिशप आणि ठाण्याची पंधरा घरे

दुसऱ्या दरबाराकडे वळण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की आपल्या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबर आला नाही. सहाव्या शतकातील कॉस्मास नावाच्या ग्रीक लेखकाने 'कल्लियाना' या बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर आज जेथून आपण रोज लोकल गाड्या पकडतो, तेथे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जन्माच्याही आधी येशूच्या नावाने प्रार्थना होत असे.

हे ख्रिस्ती रोमच्या पोपला मानणारे नव्हते. त्यांचा चर्च इराण-इराकमधील, त्यांच्या उपासनेची भाषा सुर्यानी. युरोपातील ख्रिस्ती त्यांना नेस्टोरियन म्हणत. इ. स. ४३१ च्या इफेससच्या धर्मपरिषदेत ख्रिस्ताच्या स्वरूपावरून नेस्टोरियसला दोषी ठरविण्यात आले होते, त्याचा हा वारसा. चौदाव्या शतकात ठाण्याला आलेला इटालियन साधू ओडोरिक याने येथे या लोकांची पंधरा घरे असल्याचे लिहिले आहे, आणि त्याच वाक्यात त्यांना पाखंडीही म्हटले आहे. ईसा (अ.) कोण, हा प्रश्न केवळ मुसलमान आणि ख्रिस्ती यांच्यात नव्हता. तो चर्चच्या घरातही मिटलेला नव्हता.

दुसरा दरबार : ठाणे, १३२१

त्या वेळी ठाणे दिल्लीच्या सुलतानांच्या अमलाखाली होते. दिल्लीच्या तख्तावर गियासुद्दीन तुघलक होता आणि ठाण्याचा कारभार एका मलिककडे होता. इ. स. १३२१ मध्ये होर्मुझहून निघालेले एक जहाज येथे लागले. त्यावर चार फ्रान्सिस्कन साधू होते : टॉलेंटिनोचा टॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दुभाषी डेमेट्रियस. त्यांच्यासोबत जॉर्डन नावाचा डॉमिनिकन साधूही होता. त्यांना दक्षिणेत कोल्लमला जायचे होते. ठाण्यात ते एका नेस्टोरियन कुटुंबाकडे उतरले. जॉर्डन पुढे गुजरातच्या दिशेने गेला. चौघे मागे राहिले.

पुढची हकिगत ओडोरिकने दिली आहे. यजमानाच्या घरी पतिपत्नीत भांडण झाले, पतीने हात उगारला आणि पत्नी तक्रार घेऊन काझीकडे गेली. साक्षीदार कोण, असे काझीने विचारताच तिने घरातील साधूंची नावे सांगितली. ते साक्षीसाठी आले, पण चर्चा धर्माकडे वळली. ख्रिस्त ईश्वर होता की मनुष्य, असा प्रश्न झाला. ते म्हणाले, दोन्ही. त्यावर बराच वाद झाला. मग काझीने विचारले, आमच्या प्रेषितांविषयी तुमचे मत काय? त्यांनी उत्तर टाळण्याचा प्रयत्न केला. काझीने आग्रह सोडला नाही. अखेर टॉमसने जे शब्द उच्चारले ते कोणत्याही मुसलमानाचे अंतःकरण विदीर्ण करणारे होते. येथे ते देण्याचे कारण नाही.

जमाव खवळला. साधूंना उन्हात बांधून ठेवण्यात आले, त्यांना आगीच्या परीक्षेतून जावे लागले, असे ओडोरिक सांगतो. मलिकने मात्र त्यांना सोडून दिले आणि गाव सोडून जाण्यास बजावले. काझीने पुन्हा मलिकचे मन वळविले. रात्री सशस्त्र माणसे पाठविण्यात आली आणि ९ एप्रिल रोजी तिघांना मारण्यात आले. चौथा, पीटर, त्या वेळी त्यांच्यासोबत नव्हता. तो दोन दिवसांनी मारला गेला. जॉर्डन परतला तेव्हा त्याच्या हाती चार मृतदेहांचे दफन तेवढे उरले होते. ते त्याने सोपाऱ्यात केले. पुढे ओडोरिकने त्यांच्या अस्थी सोबत घेऊन चीनपर्यंत नेल्या.

कथेचा शेवट आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. ओडोरिकच्याच म्हणण्यानुसार ही बातमी दिल्लीला पोहोचल्यावर सुलतानाने मलिकला पकडून आणविले आणि देहदंड दिला. काझी पळून गेला.

रिवायतीची पारख

हदीसशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न पडतो तो सनदीचा : सांगणारा कोण, आणि त्याला हे कळले कसे? ही कथा आपल्यापर्यंत ख्रिस्ती साधूंच्या लेखनातूनच आली आहे. काझीची बाजू काझीच्या शब्दांत आपल्याजवळ नाही. ओडोरिक स्वतः घटनेच्या वेळी हजर नव्हता. त्याने प्रवासवर्णन १३३० मध्ये, परत गेल्यावर सांगून लिहविले. आगीतून एक साधू न भाजता बाहेर आला, यासारखा मजकूर हुतात्म्यांच्या कथांत नेहमी आढळतो आणि त्यावर विसंबून राहता येत नाही. मात्र त्याच वर्षीच्या जॉर्डनच्या पत्रातही चौघांच्या हत्येची वार्ता आहे, आणि जॉर्डन तर काही दिवसांतच तेथे पोहोचला होता. तेव्हा तपशील बाजूला ठेवले तरी मूळ घटना घडली, हे मान्य करावे लागते.

कथा दुसऱ्यांनी सांगितली म्हणून ती झिडकारणे सोपे आहे. पण सूरह माइदाची आठवी आयत सांगते की एखाद्या समूहाविषयीचा द्वेष तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये. न्याय आपल्या माणसाविरुद्ध जात असला तरी तो न्यायच राहतो.

शरीअतच्या कसोटीवर पाहिले तर काय दिसते? सूरह तौबाच्या सहाव्या आयतीत मूर्तिपूजकानेही आश्रय मागितला तर तो द्यावा, त्याला अल्लाहची वाणी ऐकू द्यावी आणि मग त्याला त्याच्या सुरक्षित ठिकाणी पोहोचवावे, असा आदेश आहे. ठाण्यातील हे लोक तर ग्रंथधारक होते, प्रवासी होते आणि साक्ष देण्यासाठी बोलावले गेले होते. प्रेषितांची निंदा हा गंभीर गुन्हा आहे, यात मतभेद नाही. तरीही, संरक्षित मुस्लिमेतराकडून असे शब्द निघाले तर केवळ तेवढ्याने त्याचा संरक्षण-करार मोडत नाही, त्याला तंबी व शिक्षा देता येते, असे इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत प्रसिद्ध आहे. इतर इमामांची मते याहून कठोर आहेत. पण सोडून दिलेल्या माणसांवर रात्रीच्या अंधारात मारेकरी पाठविणे, याला न्यायदान म्हणणारा इमाम कोणीही नाही.

आणखी एक गोष्ट. सूरह अन्आमच्या १०८ व्या आयतीत इतरांच्या पूज्य दैवतांना शिव्या देण्यास मनाई आहे, कारण उलट ते अज्ञानाने अल्लाहची निंदा करतील. यावरून उलेमांनी नियम काढला की ज्या वाटेने निंदा येईल ती वाटच बंद करावी. ख्रिस्ती मनुष्य प्रेषित मुहम्मद (स.) यांना प्रेषित मानत नाही, हे काझीला ठाऊक नव्हते काय? गप्प राहू पाहणाऱ्याला कोपऱ्यात गाठून बोलते केल्याने जे उच्चारले जायला नको होते ते भर सभेत उच्चारले गेले. शब्द टॉमसचे होते. ती वाट कोणी उघडली, याचा विचार मात्र आपण करायला हवा.

मतभेद नेमका कशावर?

उत्तम रीतीने बोलण्यासाठी समोरच्याची श्रद्धा त्याच्या शब्दांत समजून घ्यावी लागते. मराठी ख्रिस्ती बांधव ज्यांना येशू म्हणतात त्यांनाच आपण ईसा (अ.) म्हणतो. व्यक्ती एकच आहे. कुमारी मातेच्या पोटी जन्म, अल्लाहच्या आज्ञेने केलेले चमत्कार, मसीह ही पदवी आणि पुनरागमन, येथपर्यंत दोन्ही समाज बरोबर चालतात. पवित्र कुरआनमध्ये मरयम (अ.) यांच्या नावाची संपूर्ण सूरह आहे.

वाट येथून वेगळी होते. चर्चची श्रद्धा अशी की ईश्वर एक आहे, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत. याला मराठीत ते त्रैक्य म्हणतात. पुत्राने मानवदेह धारण केला, वधस्तंभावर मरण पत्करून मानवजातीच्या पापांचे प्रायश्चित्त केले आणि तो पुन्हा उठला. इ. स. ३२५ च्या निकियाच्या परिषदेत पुत्र हा पित्याशी एकरूप आहे असे ठरविण्यात आले. ख्रिस्त खरा ईश्वर आणि खरा मनुष्य आहे, हे सूत्र ४५१ च्या कॅल्सेडॉनच्या परिषदेने निश्चित केले. ठाण्याच्या काझीपुढे साधूंनी हेच सूत्र मांडले होते. पवित्र कुरआन हे स्वीकारत नाही. ईसा (अ.) यांचे उदाहरण आदम (अ.) यांच्यासारखे आहे (३:५९), मसीह हे प्रेषितच होते आणि ते व त्यांची माता अन्न सेवन करीत (५:७५), त्यांना ना ठार मारले गेले ना सुळावर दिले गेले (४:१५७), असे तो सांगतो. प्रत्येक माणूस आपल्या पापाचा जबाबदार आहे आणि तौबाचे दार थेट अल्लाहकडे उघडते. हा फरक वरवरचा नाही, आणि शेजारधर्मासाठी तो पुसण्याचे कारणही नाही.

ग्रंथाविषयीही एक गैरसमज दूर करायला हवा. आपण मानतो की इंजील ईसा (अ.) यांच्यावर अवतरली. ख्रिस्ती बांधव मात्र 'येशूवर अवतरलेले पुस्तक' असे काही मानत नाहीत. नव्या करारात २७ पुस्तके आहेत. त्यांतील मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार शुभवर्तमाने येशूच्या जीवनाची कथने असून ती ग्रीक भाषेत लिहिली गेली. लूक तर आरंभीच सांगतो की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा शोध घेऊन आपण हे लिहीत आहोत. त्यांच्या दृष्टीने ईश्वराचा शब्द म्हणजे स्वतः ख्रिस्त, आणि ग्रंथ ही त्याची साक्ष. म्हणून आपल्या श्रद्धेत जे स्थान पवित्र कुरआनचे, ते त्यांच्या श्रद्धेत ख्रिस्ताचे आहे. हे समजले की 'तुमचे पुस्तक बदलले' एवढ्या एका वाक्याने चर्चा का पुढे सरकत नाही, तेही समजते.

सत्ता दुसऱ्या हाती गेली तेव्हा

ठाण्याच्या त्या रात्रीनंतर सुमारे दोनशे वर्षांनी पारडे फिरले. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत वसई त्यांच्याकडे राहिली. या काळात चर्च सत्तेच्या आधाराने उभा राहिला. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायालय स्थापन झाले आणि श्रद्धेच्या चौकशीसाठी माणसे तुरुंगात गेली. १६८४ मध्ये कोकणी बोलण्यावर बंदी घालणारा हुकूम निघाला. जे ठाण्याच्या काझीने चौघांशी केले, ते तेथे कायद्याच्या पोटात शिरले. सत्ता हाती आली की युक्तिवाद संपतो, ही खोड कोणत्याही एका धर्माच्या लोकांची नाही. धर्मात बळजबरी नाही (२:२५६), हा आदेश म्हणूनच प्रत्येक काळासाठी आहे.

त्याच गोव्यात दुसरेही एक काम झाले. १५७९ मध्ये आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स मराठी शिकला आणि त्याने बायबलची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत रचली. 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. मराठी विषय घेऊन पदवी घेणाऱ्याला हा ग्रंथ भेटतोच. इन्क्विझिशन १८१२ मध्ये बंद पडले. ख्रिस्तपुराण आजही अभ्यासले जाते.

पुढे मुंबई-अहमदनगरच्या मिशनऱ्यांनी हाच मार्ग धरला. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वसईत सामवेदी आणि वाडवळी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे आजही मराठीतूनच प्रार्थना करतात. चर्चचा या भूमीवर जो प्रभाव टिकला, तो तुरुंगातून आला नाही. तो भाषेतून, शाळांतून आणि रुग्णालयांतून आला.

आग्र्याची चर्चा

आपल्या उलेमांनीही लेखणीचा मार्ग दाखवून दिला आहे. १८५४ च्या एप्रिलमध्ये, १० आणि ११ तारखेला, आग्र्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी (रह.) आणि जर्मन पाद्री फांडर यांच्यात जाहीर वादसभा झाली. सत्ता त्या वेळी इंग्रजांची होती, म्हणजे पाद्रींच्या पाठीशी होती. मौलानांसोबत डॉ. वजीर खान होते. त्यांनी युरोपातील बायबल-अभ्यासकांची पुस्तके मिळवून वाचली होती. विषय आधी ठरविले गेले आणि बोलण्याची मर्यादा पाळली गेली. पुढे मौलानांनी 'इजहारुल हक' हा ग्रंथ लिहिला आणि मक्केत मदरसा सौलतिया स्थापन केला. ठाण्याच्या काझीजवळ सत्ता होती, तरी त्याची आठवण एक पळून गेलेला मनुष्य म्हणून राहिली. कैरानवींजवळ सत्ता नव्हती, तरी त्यांचा ग्रंथ आजही मदरशांत उघडला जातो.

आपल्यासाठी बोध

डोंबिवली-कल्याण परिसरात आपली मुले ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत शिकतात, आपल्या इमारतींत ख्रिस्ती शेजारी राहतात, आजारपणात त्यांच्या परिचारिका आपली सेवा करतात. डिसेंबर आला की मुले विचारतात : येशू आणि ईसा एकच का? मग ते त्यांना देव का म्हणतात? या प्रश्नांना रागावून गप्प करू नये. पुढील गोष्टी घरात बोलाव्यात.

१. मुलांना सूरह मरयम अर्थासह, आणि मराठी अर्थासह, शिकवावी. अल्लाहने प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांच्या भाषेत पाठविला (१४:४). ज्या मुलाचे शिक्षण मराठीत होते, त्याला आपली श्रद्धाही मराठीत मांडता आली पाहिजे. ख्रिस्ती समाजाने हे चारशे वर्षांपूर्वी ओळखले.

२. मतभेद लपवू नये आणि त्याला विषही लावू नये. ह. जाफर (रजि.) यांचे उत्तर पाठ करण्याजोगे आहे : पूर्ण सत्य, एकही अपशब्द नाही.

३. ज्या प्रश्नाने समोरच्याला आपल्या श्रद्धास्थानांविषयी वाईट बोलणे भाग पडेल, तो प्रश्न विचारू नये. मोबाइलवर फिरणारे, बायबलची टिंगल करणारे संदेश पुढे पाठवू नयेत.

४. ख्रिस्ती माणसाने काही मानले असे म्हणण्यापूर्वी ते त्याच्याकडून ऐकावे. बातमीची खातरजमा करा, हा सूरह हुजुरातचा (आयत ६) आदेश येथेही लागू आहे.

५. सद्‌वर्तन ही पहिली दावत आहे. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मस्जिदे नबवीत येऊ दिले. सीरतच्या ग्रंथांत नोंद आहे की त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा त्यांना तेथेच प्रार्थना करू दिली गेली. चर्चा झाली, मतभेद उरला, मुबाहलाचे आव्हानही दिले गेले. ते परत गेले ते मात्र संरक्षणाचा करार घेऊन.

ईसा (अ.) यांच्याविषयीचा अंतिम निवाडा अल्लाह कियामतच्या दिवशी करील. सूरह माइदाच्या अखेरीस तो प्रसंग वर्णिला आहे. तेथे अल्लाह खुद्द ईसा (अ.) यांनाच विचारील आणि त्यांचे उत्तर सर्व मानवजात ऐकेल. तोवर आपल्यावर सोपविलेले काम सांगण्याचे आहे. ज्यांनी ठाण्यात ते निवाड्याचे काम आपल्या हाती घेतले, त्यांनी सत्याला काही मिळवून दिले नाही.

हे अल्लाह, आम्हाला सत्य सत्य म्हणून दाखव आणि ते सौम्य जिभेने सांगण्याचे बळ दे. आमच्या शेजाऱ्यांना आमच्या हातापासून व जिभेपासून सुरक्षित ठेव. आमीन.